एक्केचाळीस नंबरची पोच

तापीकाठ केळी उत्पादक संघाच्या जळगावच्या कचेरीत संगणक यायचा ठरला, तेव्हा त्याच्याआधी कूलर आला, मग गालिचा आला, मग चपला दाराबाहेर काढायचा नियम आला आणि सगळ्यांत शेवटी लीलाधर नाना आले.

नाना तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. चौतीस वर्षं तारघरात काढून निवृत्त झालेले. संगणकाला त्यांनी तोवर बोटही लावलं नव्हतं. पण संघाचे सचिव चुडामणआबा व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, यंत्र कसं चालवायचं ते पुष्पाला येतं. निरोप कसा चालवायचा ते नानांना येतं. दोघांना एका खोलीत बसवा.

पुष्पा नेहेते फैजपूरची, पंचवीस वर्षांची. संगणकाची पदविका घेऊन आलेली, हुशार आणि थोडी उतावीळ. पहिल्या दिवशी तिनं नानांना विचारलं की तुम्ही मला नक्की काय शिकवणार. नाना म्हणाले, सावकाशी.

काम सांगायला सोपं होतं. संघाची चाळीस केंद्रं, रावेरपासून पार नरडाण्यापर्यंत. प्रत्येक केंद्रावर टेलिफोनच्या तारेला जोडलेला एक जुना देवनागरी टेलिप्रिंटर. केंद्रावरचा माणूस आपल्या बोलीत, आपल्या सवयीनं निरोप टाइप करणार. कुणी लिहिणार ‘घड तयार, गाडी लावा’, कुणी ‘माल कापला, वाहन धाडा’, तर कुणी नुसतंच ‘या लवकर’. जळगावच्या गाडीविभागाला, खताच्या गोदामाला आणि वॅगनी भरणाऱ्यांना मात्र सगळं एकाच साच्यात हवं असे. कुठून, कोणाकडे, काय, किती. या दोन बाजूंच्या मध्ये बसून निरोप समजून घ्यायचा, साच्यात घालायचा आणि बरोबर दारी नेऊन द्यायचा, हे संगणकानं करायचं होतं. पुष्पा त्याला प्रोग्रॅम म्हणायची. नाना ‘मधला’ म्हणायचे. सोयरीक जुळवताना दोन्ही घरांच्या मध्ये एक शहाणा माणूस असतो ना, तसा. तो स्वतःच्या पदरचं काही बोलत नाही, इकडचं तिकडे नीट पोचवतो, म्हणून तर लग्न लागतं.

तीन महिने नाना तिला रोज एक गोष्ट सांगत आणि ती समजेपर्यंत दुसरी सांगत नसत. मूळ निरोपाला हात लावायचा नाही. जे काही बदलायचं ते नकलेवर. का, तर उद्या भांडण झालं की मूळ कागद बोलतो. निरोप वाचणाऱ्यानं वाचावा, साच्यात घालणाऱ्यानं घालावा, वाटणाऱ्यानं वाटावा. एकाच हातात तिन्ही कामं दिली की चूक कुठं झाली ते सापडत नाही. प्रत्येक निरोपाला नंबर. तोच नंबर दोनदा आला तर दोन नव्हे, एकच धरायचा, नाहीतर एका घडासाठी दोन गाड्या जातील. आणि निरोप कळला नाही तर अंदाज करायचा नाही. तो बाजूच्या पेटीत टाकायचा आणि माणसानं डोळ्यांनी वाचायचा.

पुष्पानं अशी पेटी संगणकात केली. नानांच्या समाधानासाठी टेबलावर एक खरी पत्र्याची पेटीही ठेवली. छापून निघालेले अडलेले निरोप तिच्यात पडत.

पोचेचा धडा नानांनी शेवटी शिकवला. पाठवणाऱ्याला पोच मिळाली नाही तर त्यानं निरोप पुन्हा पाठवायचा, पुन्हा पाठवायचा, मिळेपर्यंत पाठवायचा. आणि एका लाइनीवर एका निरोपाची पोच गेल्याशिवाय मागच्यानं पुढं घुसायचं नाही.

पूर्वेकडची अठ्ठावीस केंद्रं जोडली आणि सगळं लोण्यासारखं चाललं. रावेर-यावलकडची बोली नानांच्या आणि पुष्पाच्या घरचीच. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत एक निरोप हरवला नाही. चुडामणआबांनी पेढे वाटले.

मे महिन्यात पश्चिमेची बारा केंद्रं जोडली. एकोणतीस ते चाळीस. ही बाराही एकाच लाइनीवर. पहिल्याच आठवड्यात बेटावदहून निरोप आला, ‘घड बारा शे.’ मधल्यानं बाराशे घड धरले आणि दोन ट्रक धाडले.

संध्याकाळी ट्रकचा ड्रायव्हर चिंधाभाऊ चपला न काढताच आत आला. हा मूळचा बेटावदकडचाच. त्यानं गालिच्यावर उभं राहून सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

‘नाना, तुमना कंप्युटरनी कमाल करी टाकी,’ तो म्हणाला. ‘बारा घड शे, नि दोन ट्रक.’

मग त्यानंच समजावलं. त्याच्याकडे ‘शे’ म्हणजे ‘आहे’. नीट बोलायचं तर पुष्कळांना ‘शेतस’ म्हणतात, पण मशीनवर बोटं दुखतात, म्हणून माणसं नुसतं ‘शे’ ठोकतात. नाना आणि पुष्पा, दोघंही ‘हाये’ म्हणणाऱ्या मुलखातले. त्यांनी शे म्हणजे शेकडा धरला होता. बेटावदचा पुढचा निरोप ‘आमनी बोली समजस नही का’ असा आला आणि तो मात्र मधल्याला कळला नाही. तो पत्र्याच्या पेटीत पडला. पुष्पा हसून हसून लाल झाली.

नानांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करवली. एकोणतीसपासून पुढच्या कुठल्याही केंद्राकडून ‘शे’ आलं की ते ‘आहे’ धरायचं. आणि बारा केंद्रांना परिपत्रक धाडलं, की शेकडा म्हणायचा असेल तर आकडा पूर्ण अक्षरी लिहावा. लाइनीवर ते एका वेळेस सगळीकडे छापून निघालं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी साडेनऊला पत्र्याच्या पेटीत एक कागद पडला.

‘कुठून’च्या रकान्यात ४१. ‘कोणाकडे’चा रकाना कोरा. अनुक्रमांक १. मजकूर, ‘आम्ही सात शे. गाडी धाडा.’

खाली मधल्यानं केलेला तर्जुमा होता. माणसं सात. गाडी पाहिजे. आणि त्याखाली शेरा, हे केंद्र यादीत नाही.

एक्केचाळीस नंबरचं केंद्र नव्हतंच. म्हणजे कागदावर होतं. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत संघानं एक प्लॉट घेतला होता. पुढेमागे तिथं केळी साठवायची शीतखोली बांधायची होती. तिला आबांनी एक्केचाळीस नंबर देऊन ठेवला होता. अजून तिथं भिंत नव्हती, वीज नव्हती, टेलिफोनसाठी अर्जही केलेला नव्हता.

नानांना वाटलं, चाळीस नंबरच्या माणसानं थट्टा केली. नरडाणा गावातल्या त्या केंद्रावर जीवराम नावाचा माणूस बसे. त्याला टेलिफोन लावला तर तोच चिडलेला. त्याचा निरोप सकाळपासून पुढं सरकत नव्हता. शिंदखेड्याचा नव्हता सरकत, बेटावदचा नव्हता. बाराही केंद्रांचे निरोप एकामागे एक उभे होते आणि सगळ्यांच्या पुढं हा एक, पोच मागत.

पुष्पानं तो काढून टाकला. चाळीस सेकंदांनी पेटीत तसाच कागद पडला. तोच नंबर, तोच मजकूर. तिनं ४१ हा आकडाच बंद केला. लाइन पूर्ण मुकी झाली. उघडला, तर पहिला तोच. दुपारी तिनं यंत्रामागची पश्चिमेची तार उपटून काढली आणि ती हातात धरून उभी राहिली.

कूलर घरघरत होता. बाहेर रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं. पेटीत कागद पडल्याचा बारीक आवाज झाला.

पुष्पानं कागद पाहिला नाही. तिनं तार पुन्हा जागेवर बसवली आणि पदरानं हात पुसले.

चुडामणआबा चारला वर आले. बारा केंद्रांवर कापलेले घड पाल्याखाली झाकून पडले होते. मे महिन्यात असा माल दोन दिवस पडला की काळा होतो आणि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातो. आबा रागावले नाहीत, हळू बोलले. शनिवारी संचालकांची बैठक होती. तोवर लाइन सुटली नाही तर संगणक गोदामात जाईल आणि टेलिफोन परत येतील. पुष्पाची नेमणूक यंत्राबरोबरची, ती यंत्राबरोबर जाईल. ती घरात एकटी कमावती होती हे आबांनाही माहीत होतं. ते तिच्याकडे न बघता खाली गेले.

गुरुवारी सकाळी आठला नाना आले तेव्हा पुष्पा आधीच बसली होती. पेटी काठोकाठ भरली होती. तिनं कागद नीट थप्पी करून बाजूला ठेवले आणि म्हणाली, नाना, पोच देऊन टाकू. काय आहे, एक आकडा तर पाठवायचा. लाइन मोकळी होईल.

नानांनी चष्मा काढला.

‘पोरी, पोच म्हणजे कळलं असं नव्हे. पोच म्हणजे आता हे माझ्याकडे लागलं. तो तिकडे सुटला, आपण इकडे अडकलो.’

‘मग पाठवा गाडी,’ पुष्पा म्हणाली. तिला हसायचं होतं, पण आवाज भलतीकडे गेला.

नानांनी वरचा कागद हातात घेतला. चौतीस वर्षांत त्यांनी खोटी पोच दिली नव्हती. मृत्यूच्या तारा असायच्या, पत्त्यावर कुणी नसायचं, तरी सायकलवर दोनदोनदा माणूस पाठवायचा आणि मगच सही करायची. दुसरीकडे या पोरीची नोकरी होती, आणि बारा गावांचे घड होते. दोन्ही सांभाळायला एकच वाट होती. पोच द्यायची, आणि ती खरी करायची.

त्यांनी स्वतः कळ दाबली.

शिंदखेडा सुटलं, बेटावद सुटलं, नरडाणा सुटलं. छापणारं यंत्र धडधडायला लागलं. खालून गाडीविभागातली माणसं ओरडायला लागली की आता एकदम किती, जरा दमानं. पुष्पा रडत हसत होती. त्या सगळ्या कागदांत एक गाडीची चिठ्ठी निघाली. ठिकाण, प्लॉट एक्केचाळीस. माणसं सात. उतरवायचं ठिकाण, लीलाधर नाना, मेहरूण.

ते तसंच यायचं होतं. कोणाकडे हे कोरं असेल तर जो पोच देईल त्याच्या नावावर आणि घरच्या पत्त्यावर निरोप लावायचा, असं पुष्पानं यंत्रात घातलं होतं, म्हणजे कुठलाच निरोप बेवारशी राहू नये. ती म्हणाली, मी हे पुसते, आता जीप कशाला पाठवायची, लाइन तर सुटली. आबाही तेच म्हणाले. नानांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि चिंधाभाऊला हाक मारली.

जीप नऊला निघाली. धरणगाव, अमळनेर, बेटावद. चिंधा रस्ताभर बोलत होता. त्याच्या मेव्हण्याला दुसरी मुलगी झाली होती. पपईला यंदा भाव होता. खड्डा आला तरी त्याचा पाय ब्रेककडे जात नसे; तो खड्ड्यावरून जाता जाताच पुढचं वाक्य सुरू करी. नाना दांडा धरून बसले होते आणि त्यांना बरं वाटत होतं. दिलेला शब्द पाळायला निघालेल्या माणसाला बरंच वाटतं, मग तो शब्द कुणाला का दिलेला असेना.

साडेअकराला वसाहत आली. रुंद डांबरी रस्ते काटकोनात आखलेले, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काहीच नाही. नंबर घातलेले दगड, वाळलं कुसळी गवत, लांबवर तारांशिवाय उभे असलेले खांब. दूर रेल्वेचा सिग्नल उन्हात हलल्यासारखा दिसत होता. प्लॉटवर संघाची पाटी होती. पाटीखाली हातभर सावली होती.

कुणी नव्हतं.

चिंधानं हॉर्न दिला. तो आवाज कुठंही न आदळता निघून गेला. चिंधा खाली उतरून बाभळीखाली जाऊन आला.

‘कोनी नही आठे, नाना.’

नाना म्हणाले, अर्धा तास थांबू. चिठ्ठीत गाडी थांबवायची वेळ अर्धा तास असते. ते उतरून पाटीपाशी गेले. जमीन चपलेतून भाजत होती. त्यांनी मातीकडे पाहिलं. पायाचे ठसे नव्हते. पण गवत मात्र प्लॉटभर एकसारखं बसलेलं होतं, लग्नाच्या पंगतीनंतर मांडवातलं दिसतं तसं.

बाराला पाच मिनिटं असताना ते जीपकडे वळले. चिंधा मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. तो चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघत होता. मोकळ्या जीपचे पाटे कमानीसारखे असतात. हे सपाट झाले होते.

चिंधा उठला. त्यानं मागची कनात उचलून आत पाहिलं नाही.

‘चला, निंघूत,’ तो म्हणाला.

परतताना तो बोलला नाही. नानांच्या लक्षात आलं की तो खड्ड्यांवर ब्रेक लावतो आहे. गतिरोधकावर तर गाडी जवळजवळ थांबवून, अलगद चढवून, अलगद उतरवतो आहे. बाळंतीण नेताना चालवतात तशी.

अमळनेरच्या पुढं नानांच्या मानेला मागून गार लागायला लागलं. बाहेर चव्वेचाळीसचा पारा होता, समोरून येणारा वारा तोंड भाजत होता, आणि मान गार. वास कसलाच नव्हता. आवाजही नव्हता. फक्त धरणगावच्या फाटकापाशी गाडी थांबली आणि चिंधानं इंजिन बंद केलं, तेव्हा मागचा बाक करकरला. बसलेल्या माणसानं जरा सरकून बसावं इतकाच.

नाना मागे वळले नाहीत. आपली माणसं नीट बसली आहेत ना, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि ‘आपली’ हा शब्द कुठून आला याचं त्यांनाच नवल वाटलं.

तीनला कचेरीपाशी नाना उतरले. नोंद करायची होती. चिंधा चिठ्ठीप्रमाणे मेहरूणला गेला. पंधरा मिनिटांत तो परत आला, वर येऊन चपला काढल्या, माठातलं दोन तांबे पाणी प्याला आणि भिंतीला टेकून बसला.

‘उतारी उनू,’ तो म्हणाला.

नानांनी विचारलं, कोण उतरलं?

चिंधानं तांब्या पालथा घातला. ‘पाटा वर उना, नाना. बस.’

पुष्पाला यातलं काही सांगावं लागलं नाही, कारण ती फार आनंदात होती. बाराही केंद्रांचा माल दुपारपर्यंत हलला होता. आबांनी खालून चहा आणि भजी पाठवली होती. शनिवारच्या बैठकीत तिला कायम करायचं असा शब्दही दिला होता. नानांनी भजी खाल्ली. त्यांना भूक लागली होती आणि भजी चांगली होती. बाहेर उन्हं कलत होती. आयुष्यात क्वचित येते तशी ती एक नीट पार पडलेली दुपार होती.

चारला पेटीत कागद पडला.

कुठून, ४१. अनुक्रमांक २.

‘पोच भेटनी. सात पोचनात. परिपत्रक वाचं. आखो सहाशे त्र्याण्णव बाकी शेतस. गाडी धाडा.’

पुष्पानं तो दोनदा वाचला. परिपत्रकात सांगितल्याप्रमाणे आकडा अक्षरी होता.

‘नाना,’ ती म्हणाली, ‘पहिल्या निरोपातलं शे...’

नानांनी मान हलवली. मधल्यानं दुरुस्त केल्याप्रमाणे बरोबर वाचलं होतं. लिहिणाऱ्यानं शेकडा लिहिला होता.

सातशे.

छापणारं यंत्र थांबलं होतं. पश्चिमेची लाइन पुन्हा अडली होती. शिंदखेड्याचा एक निरोप मागे येऊन उभा राहिला, मग नरडाण्याचा. पुष्पा नानांच्या हाताकडे बघत होती. 

जीपनं रोज सात. नव्व्याण्णव फेऱ्या. उतरवायचं ठिकाण तेच. कारण निरोप एकच होता, पोच दिलेला, अर्धवट पोचवलेला.

नाना म्हणाले, सकाळी बघू. आणि घरी निघाले.

मेहरूणला तलावाच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात माणसं दोनच, नवराबायको. मूल झालं नाही. सुमनबाई दुपारभर रेडिओ लावून ठेवत, कार्यक्रम कुठलाही असो, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. आज गल्लीच्या तोंडाशीच नानांच्या ध्यानात आलं की रेडिओ बंद आहे. त्याऐवजी पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज येत होता. एकसारखा, घाई नसलेला.

ओट्यावर जुनं लुगडं अंथरलं होतं आणि त्यावर उडदाचे पापड वाळत घातले होते. एक लुगडं नव्हे, तीन. पापड ओट्यावरून पायरीवर, पायरीवरून अंगणातल्या बाजेवर गेले होते.

नाना पायरीवर बसले. त्यांनी एक पापड उचलला. तारघरात बसलेल्या माणसाला एक खोड लागते. पलीकडं यंत्रावर कोण बसलंय, हे त्याला ठोक्यावरून कळतं. प्रत्येकाचा हात वेगळा. पापडाचंही तसंच. सुमनबाईंचा पापड कडेला किंचित जाड राहतो. हा हातातला मध्ये जाड होता. त्याच्या शेजारचा लांबट. तिसरा इतका पातळ की त्यातून लुगड्याची किनार दिसावी. चौथ्यावर लाटण्याची एकच रेघ उमटलेली. एक तर अगदी तळहाताएवढा, वाकडातिकडा, लहान हातानं हट्टानं लाटलेला. नानांनी सावकाश सगळीकडं नजर फिरवली. सुमनबाईंचा हात धरून आठ हात होते.

सुमनबाई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्याजवळ टेकल्या. हात पिठानं पांढरे. चेहरा असा, की नानांना एकदम त्यांचं लग्न झालं ते वर्ष आठवलं.

‘पाच किलोचे झाले,’ त्या म्हणाल्या. ‘होळीपासून राहिले होते. बायका आल्या, म्हणून झाले.’

नानांनी विचारलं, कोणाकोणाच्या घरच्या?

‘अहो, आपल्याच.’ सुमनबाईंनी नावं आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, नाव आलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. ‘लई मायाळू हायेत. सारं घर भरल्यासारखं वाटलं बघा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.’

नाना पाणी प्याले. पाणी गार होतं. तलावाकडून वारा सुटला होता. लिंबाची वाळकी पानं अंगणात घरंगळत होती. त्यांनी मनात वाक्य जुळवलं होतं, की उद्या मी कचेरीत जाऊन सांगणार आहे, पोच देणं आपल्याकडून होणार नाही. पेला खाली ठेवून ते बोलायला वळले.

‘उद्या गाडी किती वाजता येईल?’ सुमनबाईंनी विचारलं.

नानांनी त्यांना गाडीचं काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी सुमनबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं भीती नव्हती. कसलीच नव्हती. पाहुण्यांची वाट बघणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते तेवढी लगबग होती.

‘आजच्यासारखीच,’ नाना म्हणाले. ‘तीनला.’

सुमनबाईंनी पिठाचे हात मांडीवर घेतले आणि ओट्यावर बसल्या बसल्याच दाराकडे मान वळवली.

‘तीनला म्हणतात,’ त्यांनी आत सांगितलं.

आतलं लाटणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं.